हलके वजन, सबळ स्नायू : रक्तप्रवाह-नियंत्रित व्यायामाची ओळख

व्यायाम ही वऱ्हाडच्या मातीला नवी गोष्ट नाही. गावोगावचे आखाडे, जोर-बैठका, मुद्गल आणि मल्लखांब ही या प्रदेशाची जुनी मिरास आहे. अमरावती येथे १९१४ साली अंबादासपंत व अनंत कृष्ण वैद्य या बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली आणि या मिराशीला संस्थेचे रूप दिले. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह देशी व्यायामप्रकार परदेशी प्रेक्षकांपुढे सादर केले, ही गोष्ट वऱ्हाडातील जुनी माणसे आजही अभिमानाने सांगतात. शारीरिक शिक्षणाचे रीतसर अध्यापन करणारे केंद्र म्हणूनही अमरावतीचे नाव देशात घेतले जाते.

आखाड्याची ही परंपरा मुख्यतः निरोगी शरीराची आहे. बलवानाने अधिक बलवान कसे व्हावे, हे ती उत्तम शिकविते. परंतु ज्याचा पाय दीड महिना प्लास्टरमध्ये होता, ज्या वृद्धेला गुडघेदुखीमुळे जिना चढवत नाही किंवा ज्याच्या गुडघ्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्याने बळ कसे मिळवावे? जड वजन उचलणे त्याला शक्य नाही, आणि हलक्या वजनाने स्नायू फारसे वाढत नाहीत. या अडचणीवर भौतिकोपचाराच्या क्षेत्रात गेल्या काही दशकांत एक उपाय पुढे आला आहे. त्यास रक्तप्रवाह-नियंत्रित व्यायाम म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो बी.एफ.आर. या नावानेही ओळखला जातो. हा उपाय उपयुक्त आहे, तसाच अर्धवट माहितीवर केल्यास घातकही आहे. वऱ्हाडातील काही रुग्णांच्या बाबतीत तर त्याचा धोका विशेष आहे. म्हणून लोकांना सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने त्याची दोन्ही अंगे जाणून घेणे इष्ट ठरेल.

स्नायू का झिजतात?

स्नायू वापरात असेल तोवरच शरीर त्याचे पोषण करते. वापर थांबला की झीज सुरू होते, आणि तिचा वेग आपल्या कल्पनेपेक्षा पुष्कळ अधिक असतो. अमेरिकेत १२ निरोगी वृद्ध व्यक्तींना १० दिवस अंथरुणावर पडून राहण्यास सांगण्यात आले होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या पायांतील स्नायू-ऊतक सरासरी सुमारे १ किलोने घटल्याचे आढळले. या व्यक्तींना कोणताही आजार नव्हता. केवळ हालचाल नसण्याचा हा परिणाम होता.

आता आपल्याकडील चित्र पाहू. समजा, दर्यापूर किंवा मूर्तिजापूर तालुक्यातील एखादा शेतकरी बैलगाडीवरून पडला आणि त्याचा पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला. हाड सांधते, प्लास्टर निघते. पण मांडी बारीक झालेली असते आणि गुडघा भार घेत नाही. पेरणीचे दिवस तोंडावर आलेले असतात. कपाशीच्या वेचणीत आणि सोयाबीनच्या सोंगणीत वर्षानुवर्षे वाकून राबलेल्या स्त्रियांची गुडघेदुखी वेगळी असली, तरी परिणाम तोच होतो. दुखते म्हणून चालणे कमी, चालणे कमी म्हणून मांडीचा स्नायू दुबळा, आणि स्नायू दुबळा म्हणून सांध्यावरील ताण अधिक. हे चक्र तोडावयाचे तर स्नायूंना बळ देण्यावाचून गत्यंतर नाही.

वजनाच्या साहाय्याने रुग्णाचे स्नायू पुन्हा बळकट करण्याची शास्त्रीय पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विकसित झाली. अमेरिकी लष्करी रुग्णालयात डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी गुडघ्याला दुखापत झालेल्या सैनिकांना क्रमाक्रमाने वाढत्या वजनाचा व्यायाम दिला आणि १९४५ साली ती पद्धत प्रसिद्ध केली. तेव्हापासून एक सूत्र रूढ झाले. एखादी व्यक्ती जेवढे कमाल वजन एकदाच उचलू शकते, त्याच्या साधारणतः ७० टक्के वजनाने व्यायाम केला, तर स्नायू चांगले वाढतात. निरोगी माणसास हे सूत्र लागू पडते. परंतु नुकत्याच सांधलेल्या हाडावर किंवा शिवलेल्या अस्थिबंधावर एवढा भार टाकणे धोक्याचे असते. नेमक्या या ठिकाणी नवी पद्धत उपयोगी पडते.

जपानमधील उगम

या पद्धतीचे जनक म्हणून जपानचे योशिआकी सातो यांचे नाव घेतले जाते. १९६६ साली, ऐन तारुण्यात, ते एका बौद्ध धार्मिक विधीस गेले होते. जपानी रीतीप्रमाणे गुडघे दुमडून टाचांवर बराच वेळ बसल्यामुळे त्यांच्या पोटऱ्या बधिर झाल्या आणि फुगल्यासारख्या वाटू लागल्या. भरपूर व्यायामानंतर पोटऱ्या अशाच तटतटतात, हे त्यांच्या ध्यानात आले. रक्ताचा ओघ अडल्याने असे होत असेल काय, या विचाराने त्यांनी स्वतःवर प्रयोग आरंभिले. हाताशी येतील ते पट्टे व सायकलच्या नळ्या बांधून ते व्यायाम करू लागले. १९७३ साली बर्फावर घसरण्याच्या खेळात त्यांच्या पायाला गंभीर दुखापत झाली. पाय प्लास्टरमध्ये असताना मांडीवर पट्टा बांधून, तो आवळीत व सैल करीत त्यांनी व्यायाम केला आणि स्नायूंची झीज टाळली, असे त्यांनीच पुढे नमूद केले आहे. या पद्धतीस त्यांनी ‘कात्सू’, म्हणजे दाब वाढविणे, असे नाव दिले. १९९० नंतर जपानमधील विद्यापीठांत तिचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू झाला आणि तेथून ती अन्य देशांत पोहोचली.

पट्टा बांधल्याने काय घडते?

हृदयाकडून हातापायांकडे शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिन्यांस रोहिणी म्हणतात, तर परतीचे रक्त आणणाऱ्या वाहिन्यांस नीला म्हणतात. रोहिणीतील रक्ताला जोर अधिक असतो. नीलांतील दाब मात्र कमी असून त्यांपैकी अनेक त्वचेच्या लगत असतात. दंडाच्या किंवा मांडीच्या अगदी वरच्या भागी रुंद पट्टा बांधून त्यात बेताचा दाब दिला, तर रोहिणीतून येणारे रक्त काहीसे कमी होते. नीलांतून परतणारे रक्त मात्र बहुतांशी अडते. पाटाच्या पाण्याचे उदाहरण घेतल्यास हे सहज समजेल. वाफ्याचे तोंड अर्धे उघडे ठेवून निचऱ्याची वाट बंद केली, तर पाणी वाफ्यात साचते. तद्वतच पट्ट्याखालच्या भागात रक्त साचते.

अशा स्थितीत स्नायू हलवू लागले की त्यांतील प्राणवायू झपाट्याने कमी होतो आणि लॅक्टिक आम्लासारखे पदार्थ तेथेच साठतात. आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू प्राणवायूवर चालतात आणि रोजच्या हलक्या कामास पुरे पडतात. वेगवान तंतू अधिक ताकदीचे व आकाराने वाढणारे असतात. परंतु शरीर त्यांना सहसा जड कामाच्या वेळीच पुढे करते. प्राणवायूच्या अभावी संथ तंतू लवकर थकले की मज्जासंस्था हलक्या वजनासाठीही वेगवान तंतूंना कामास लावते. वजन हलकेच असते. पण स्नायूला मात्र जड काम केल्याचा अनुभव येतो. शिवाय पेशींमध्ये पाणी शिरून त्या फुगतात, आणि यामुळेही प्रथिनांच्या निर्मितीस चालना मिळत असावी, असे अभ्यासक मानतात. सांध्यावर भार न पडता स्नायूला काम मिळावे, हे या पद्धतीचे सार होय.

प्रत्यक्ष पद्धत

हा पट्टा रक्तदाब मोजताना दंडाला गुंडाळतात त्यासारखाच, हवा भरण्याचा असतो. प्रथम भौतिकोपचारतज्ज्ञ ध्वनिलहरींवर चालणाऱ्या डॉप्लर उपकरणाच्या साहाय्याने, त्या व्यक्तीच्या त्या अवयवातील रोहिणीचा प्रवाह किती दाबाला पूर्णपणे थांबतो, हे पाहतात. व्यायामाच्या वेळी त्याच्या ४० ते ८० टक्के एवढाच दाब ठेवतात. म्हणजे रक्ताचा प्रवाह नियंत्रित केला जातो, बंद केला जात नाही. हा भेद महत्त्वाचा आहे. जाड मांडीला लागणारा दाब बारीक दंडाला लागत नाही. रुंद पट्ट्याला जो दाब पुरतो तो अरुंद पट्ट्याला पुरत नाही. म्हणून एकाचा आकडा दुसऱ्यास लागू करता येत नाही.

वजन कमाल क्षमतेच्या साधारणतः २० ते ४० टक्के असते. एखाद्याचा पाय एका वेळी २० किलो उचलू शकत असेल, तर प्रचलित पद्धतीने त्याला सुमारे १४ किलो घ्यावे लागतील. या पद्धतीत ४ ते ८ किलो पुरतात. प्रथम ३० आवर्तने, नंतर १५-१५ ची तीन, अशी एकूण ७५ आवर्तने करावयाची आणि मध्ये ३० ते ६० सेकंदांची विश्रांती घ्यावयाची, असा सर्वसाधारण क्रम आहे. एका व्यायामास ५ ते १० मिनिटे लागतात. त्यानंतर पट्टा सैल केला जातो. आठवड्यातून दोन-तीन वेळा, असा कार्यक्रम काही आठवडे चालतो.

अभ्यास काय सांगतात?

गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेल्या १६ रुग्णांवर जपानमध्ये झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत काही रुग्णांच्या मांडीवर, व्यायामाविना, ठरावीक वेळ दाब देण्यात आला. दाब न दिलेल्या रुग्णांत मांडीच्या पुढील स्नायूच्या काटछेदाचे क्षेत्रफळ सरासरी २०.७ टक्क्यांनी घटले. दाब दिलेल्यांत ही घट ९.४ टक्केच होती. दुसऱ्या एका अभ्यासात, २००६ साली, पट्टे बांधून मिनिटाला केवळ ५० मीटर या संथ गतीने चालणाऱ्यांच्या मांड्यांचे स्नायू तीन आठवड्यांत ४ ते ७ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले.

मात्र सर्वच निष्कर्ष एकाच दिशेचे नाहीत. शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूंवर नॉर्वेत झालेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पट्ट्यामुळे झीज कमी झाल्याचे आढळले नाही. अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करता असे दिसते की, स्नायूचा आकार वाढविण्यात ही पद्धत जड वजनाच्या जवळपास पोहोचते. ताकद वाढविण्यात मात्र जड वजनच वरचढ ठरते. तेव्हा ज्याला जड व्यायाम झेपतो, त्याने जोर-बैठका सोडून पट्ट्यामागे लागण्याचे कारण नाही. ज्याला तो झेपत नाही, त्याच्यासाठी ही मधली पायरी आहे.

धोके आणि सिकलसेलचा प्रश्न

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधील पाहणीत, ही पद्धत वापरणाऱ्या १२,६०० हून अधिक व्यक्तींची माहिती गोळा करण्यात आली. त्यांपैकी सुमारे १३ टक्के लोकांना त्वचेखाली रक्त साकळण्याचा आणि १.३ टक्के लोकांना बधिरतेचा त्रास झाला. नीलेत रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण ०.०५५ टक्के, म्हणजे दहा हजारांत पाच-सहा एवढे होते. फुप्फुसात गुठळी अडकणे व स्नायूपेशी फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळणे हे गंभीर प्रकार अत्यंत विरळा होते. हे आकडे दिलासा देणारे असले, तरी ते ही पद्धत रीतसर वापरणाऱ्या केंद्रांतील आहेत, हे विसरून चालणार नाही.

पूर्वी कधी रक्ताची गुठळी झालेल्या व्यक्ती, हृदयरोगी, आटोक्यात नसलेला रक्तदाब असणारे, पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले किंवा नीला मोठ्या प्रमाणात फुगलेले रुग्ण, गर्भवती स्त्रिया आणि कर्करोगावर उपचार घेणारे यांनी डॉक्टरांच्या स्पष्ट अनुमतीवाचून हा व्यायाम करू नये. डायलिसिससाठी ज्या हातावर शस्त्रक्रिया झाली आहे, त्या हातास पट्टा कदापि बांधू नये. मधुमेहामुळे किंवा कुष्ठरोगामुळे ज्यांच्या हातापायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना पट्टा रुतत असल्याची जाणीवच होत नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांच्या तपोवनातील सेवाकार्याने बधिर हातापायांना किती जपावे लागते, हे अमरावतीकरांना फार पूर्वीच शिकविले आहे.

वऱ्हाडच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची सूचना सिकलसेलविषयी आहे. विदर्भातील आदिवासी व अन्य काही समाजांत हा आनुवंशिक विकार आढळतो. अमरावती जिल्ह्यातील मेळघाट, म्हणजे धारणी व चिखलदरा हे तालुके, आदिवासीबहुल असल्याने तेथे याची जाणीव विशेष हवी. या विकारात तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन सदोष असते. प्राणवायू कमी झाला की ते गोठल्यासारखे होऊन पेशींना विळ्याचा आकार येतो, त्या ताठर बनतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रुग्णाला होणाऱ्या असह्य वेदनांचे मूळ हेच. आता पट्टा बांधून केलेल्या व्यायामात काय घडते ते आठवावे : प्राणवायू कमी होतो, आम्लता वाढते आणि रक्त साचून राहते. पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्यास नेमकी हीच परिस्थिती पोषक असते. जी गोष्ट इतरांच्या स्नायूला लाभदायक ठरते, तीच सिकलसेलच्या रुग्णाला संकटात लोटू शकते. म्हणून अशा रुग्णांसाठी हा व्यायाम वर्ज्य मानावा. जे स्वतः रुग्ण नसून केवळ वाहक आहेत, त्यांनीही वैद्यकीय सल्ल्याशिवाय या वाटेस जाऊ नये. कारण अतिश्रम व उन्हाचा तडाखा एकत्र आल्यास वाहकांनाही अपाय होऊ शकतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या विकाराचे निर्मूलन, अशी त्याची उद्दिष्टे आहेत. तपासणीची पहिली पायरी म्हणजे रक्ताच्या थेंबावर होणारी साधी चाचणी. आपण रुग्ण आहोत, वाहक आहोत की दोन्ही नाही, हे ज्याला ठाऊक आहे, तो व्यायामाविषयीही योग्य निर्णय घेऊ शकतो.

दोरी, रबर आणि गैरसमज

अलीकडे भरतीची तयारी करणारे तरुण चित्रफिती पाहून दंडाला रबरी नळी किंवा दोरी आवळून वजने उचलू लागतात. हा प्रकार धोक्याचा आहे. अरुंद दोरी मांसात रुतते, मज्जातंतू चेंगरते, आणि तिचा दाब किती आहे हे कळण्यास काहीच मार्ग नसतो. रोहिणी पूर्ण बंद झाली तर तो व्यायाम राहत नाही, ती इजा ठरते. आपल्याकडील उन्हाळ्यात तर अधिक सावधगिरी हवी. अकोल्यात पारा ४५ अंशांवर जाणे नवे नाही. शरीरातील पाणी कमी झाले की रक्त दाट होते, गुठळीची भीती वाढते आणि स्नायूपेशींना इजा होण्याचा संभवही वाढतो. व्यायाम करताना हात किंवा पाय पांढरा अथवा निळा पडणे, बधिरता, असह्य कळ किंवा भोवळ यांपैकी काहीही जाणवल्यास पट्टा तत्काळ सोडावा. नंतर पोटरी सुजणे, छातीत दुखणे, दम लागणे किंवा लघवीचा रंग काळ्या चहासारखा होणे, ही लक्षणे दिसल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करणे आवश्यक आहे. शेतात सर्पदंश झाल्यास दंशाच्या वर दोरी करकचून बांधण्याची रूढी आपल्याकडे आहे. पट्टा बांधून व्यायाम करतात, तेव्हा बांधण्यात अपाय नाही, असा अर्थ कोणी काढू नये. सर्पदंशात दोरी बांधल्याने अवयव निकामी होण्याचा धोका असतो, आणि ती एकदम सोडल्यास विष झपाट्याने शरीरभर पसरू शकते. दंश झालेला अवयव न हलविता, रुग्णास धीर देऊन त्वरित रुग्णालयात पोहोचविणे, हाच योग्य प्रथमोपचार होय.

आपण काय करू शकतो?

ग्रामपंचायतींनी गावात खुल्या व्यायामशाळा उभारल्या आहेत, ही समाधानाची बाब आहे. तेथे दोरी वा नळी बांधून व्यायाम करू नये, अशी सूचना ठळकपणे लावता येईल. शारीरिक शिक्षण शिक्षकांनी विद्यार्थ्यांना या प्रकाराचा मोह पडू देऊ नये. वाढत्या वयातील मुलांसाठी सूर्यनमस्कार, धावणे, कबड्डी व मल्लखांब पुरेसे आहेत. आश्रमशाळांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या सिकलसेल तपासणीची नोंद क्रीडाशिक्षकापर्यंत पोहोचेल, परंतु तिची चारचौघांत वाच्यता होणार नाही, अशी व्यवस्था ठेवावी. आरोग्य कर्मचाऱ्यांनी प्लास्टर निघालेल्या रुग्णास केवळ ‘आता हिंडा-फिरा’ एवढेच न सांगता भौतिकोपचाराकडे पाठवावे. उपचार करणारी व्यक्ती रीतसर शिक्षण घेतलेली आहे काय, याची खात्री करून घेण्याचा रुग्णास अधिकार आहे. भौतिकोपचारासह अनेक आरोग्यसेवा-व्यवसायांच्या शिक्षणाचे व नोंदणीचे नियमन करणारा राष्ट्रीय कायदा २०२१ साली संमत झाला आहे.

पट्टा व दाबयंत्र नसले तरी निराश होण्याचे कारण नाही. खाटेवर बसून पाय सरळ करणे व काही क्षण ताणून धरणे, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, रोज ठरावीक अंतर चालणे, हे बिनखर्ची व्यायामही तज्ज्ञांच्या सल्ल्याने नियमितपणे केल्यास झिजलेल्या मांडीला पुन्हा बळ देतात. रक्तप्रवाह-नियंत्रित व्यायाम हे त्यांच्या जोडीला आलेले एक नवे साधन आहे. ते जाणत्याच्या हाती असेल आणि रुग्णाची आधी तपासणी झाली असेल, तर पेरणीपूर्वी शेतकऱ्याला पायावर उभे करण्यास त्याचे साहाय्य होऊ शकेल.